मोठ्याने घेतलेले नाव

गेल्या श्रावणात आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरील सभागृहात सत्यनारायणाची पूजा झाली. पूजा मीच सांगितली. सर्व आटोपल्यावर मी पोथी बासनात बांधत असताना यजमानीण बाई जवळ आल्या आणि जरा संकोचून म्हणाल्या, "गुरुजी, राग मानू नका. पण संकल्पात आमचं नाव घेतलंत ना? आम्हाला काही ऐकू आलं नाही."

नाव घेतले होते, मनात घेतले होते, असे मी त्यांना सांगितले. त्यांचे समाधान झाले नाही. ते होऊ नये हेच स्वाभाविक होते, कारण याच बोरीवलीत गेली पस्तीस वर्षे मी घरोघर उलटेच सांगत आलो होतो. तळहातावर पळीभर पाणी घ्यावे, आपण कोणत्या भूमीवर बसलो आहोत, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरी, कोणत्या संवत्सरात, कोणत्या तिथीला, आपण कोण आणि काय मागतो आहोत, हे सर्व स्पष्ट उच्चारावे आणि मगच ते पाणी ताम्हनात सोडावे. शाळेत संस्कृत शिकवताना पुटपुटणाऱ्या मुलांना मी पुन्हा उभे करीत असे, तसेच यजमानांनाही पुन्हा म्हणायला लावीत असे. जे उच्चारले नाही ते मागितलेच नाही, असे मी म्हणे.

ते मी सोडून दिले, त्याला कारण आहे. ते कारण येथे लिहून ठेवावे, असे या वयात वाटू लागले आहे. यात मी कोणत्याही माणसाचे, देशाचे वा कंपनीचे नाव लिहिणार नाही.

ती मुलगी आमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा पंचविशीची असेल. पूर्वेकडच्या ज्या देशातून ती आली होती, तिथे राज्य सैन्याचे. मधली काही वर्षे त्यांनी पकड सैल केली होती आणि त्या सैल काळात ती मुंबईला पाली भाषा शिकायला आली. विद्यापीठातल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने तिला सांगितले की पाली नीट यायची असेल तर संस्कृत शिक, आणि संस्कृत शिकायचे असेल तर बोरीवलीला जा. मग दर शनिवारी दुपारी ती येऊ लागली. दोन्ही भाषा बहिणी आहेत, धाकटी जिथे अडेल तिथे थोरली हात देते, असे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितले. ते तिला फार आवडले. एखादा शब्द सापडला की ती म्हणे, "हा आमच्याकडे भिक्खू रोज म्हणतात, गुरुजी. आमच्या लहान मुलांनापण माहीत आहे." हे तिचे वाक्य मी अनेकदा ऐकले होते. पुढे जे झाले त्यात माझी सबब चालत नाही, ती यामुळेच.

माझ्या पत्नीने तिला मराठी शिकवले. म्हणजे शिकवले नाही, स्वयंपाकघरात बसवून घेतले. आमच्या घरात मासे शिजत नाहीत. तळमजल्यावर एक मालवणी गृहस्थ राहतात, आयुष्यभर गिरणीत मागावर काम करणारे साचेवाले होते. ही पोर समुद्राकाठची आहे हे कळल्यापासून शनिवारी ती जिना उतरली की तिच्या हातात सुकटीचा डबा ठेवत. "बाय, वरती गवत खाऊन इलंस, आता ह्या घे," म्हणत. सुकटीचा वास तिला आईच्या घरचा वाटे. ती तिथेच पायरीवर बसून चिमूटभर खाई.

तिची एक सवय मला चमत्कारिक वाटे. घरच्यांविषयी बोलायचे झाले की आधी उठून ती खिडकी लावी. आमची खिडकी राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला. समोर झाडे आणि माकडे. मी एकदा हसून म्हणालो, मुली, माकडांना तुमची भाषा येत नाही. तीही हसली, पण खिडकी लावूनच बसली. तिला एक मोठा भाऊ होता, शाळेत गणित शिकवणारा. त्याचा उल्लेख ती "माझा मोठा" असाच करी. त्याचे नाव मला सहा वर्षे ठाऊक नव्हते.

तिचे शिक्षण संपत आले त्याच वर्षी तिच्या देशात सैन्याने पुन्हा सर्व सत्ता हाती घेतली. लोक रस्त्यावर आले. तिचा भाऊ आपल्या शाळेतल्या शिक्षकांच्या मोर्चात पुढे चालत होता. त्याला उचलले, हे तिला आमच्या घरीच, फोनवर कळले. त्या दिवशी तिने खिडकी लावली नाही, कारण ती उठूच शकली नाही. पत्नीने लावली.

आता माझ्या मुलाविषयी सांगितले पाहिजे. तो अंधेरीच्या एका कपड्यांच्या कंपनीत वरच्या जागेवर आहे. कंपनी पश्चिमेकडच्या दुकानांसाठी सदरे शिवून देते. इकडची मजुरी परवडेना म्हणून त्यांनी तिच्या देशात कारखाना काढला होता आणि सैन्य परत आल्यावरही तो चालू ठेवला. त्यांना दोन्ही भाषा जाणणारे, विश्वासाचे कोणी हवे होते. ती मुलगी तशीही आईसाठी परत जाणारच होती. मुलाने विचारले, तू सांगशील का तिला?

एका रविवारी सकाळी हे सर्व आमच्या घरात पोह्यांच्या बशा हातात घेऊन बोलले गेले. खालचे शेजारीही वर आले होते. त्यांनी विषय ऐकला आणि मुलाला चिमटा काढला, "जिथं युनियन नाय थंय शेटजी आधी पोचता. तुझो नेम बरोबर लागलो रे बाबू."

मुलगा चिडला नाही. तो म्हणाला, "काका, आम्ही गेलो तेव्हा तिथे रस्ता नव्हता. कारखान्यासाठी का होईना, झाला. त्या रस्त्यावरून नुसते आमचे कंटेनर जात नाहीत. बाळंतीण बाई दवाखान्यात वेळेवर पोचते."

"आणि लष्कराचो ट्रक त्या रस्त्यार येणा नाय?"

मुलाने बशीत चमचा फिरवला. तो ट्रकही येतो, हे त्याला नाकारता येण्यासारखे नव्हते. तिथे जमिनीसाठी स्थानिक भागीदार घ्यावा लागतो, आणि तो भागीदार निवृत्त सेनाधिकारीच असतो, हेही त्याने पूर्वी मला सांगितले होते. पण त्याचे म्हणणे खोटे नव्हते. खेड्यातून आलेल्या मुलींना तिथे पहिल्यांदा स्वतःच्या हातात पगार मिळत होता. बाहेरची माणसे ये-जा करीत होती. राज्यकर्त्यांना परक्यांसमोर बरे दिसावे लागत होते.

तेव्हा मी बोललो. मी म्हणालो की ज्याच्या घरी पाहुणे बसलेले असतात तो घरातल्या माणसांवर हात उगारत नाही. व्यापारी हा पाहुणाच आहे. तो जितका जास्त दिवस राहील तितके दिवस त्या घरातला मार चुकेल. बोलताना मला माझे म्हणणे फार नीट बांधलेले वाटले. शेजारी एवढेच म्हणाले, "गुरुजी, तुम्ही पाहुणे असतात त्याच घरात जातास. पूजेक."

ती कोपऱ्यात बसून ऐकत होती. हळूच म्हणाली, "पाहुणे असले की निदान आवाज बाहेर जातो, काका." विदेशी कंपनीत काम करणाऱ्या बाईचा भाऊ म्हटल्यावर त्याला हात लावताना कोणी दोनदा विचार करील, अशी तिची आशा होती. ती मी वाढवली. जा, म्हणालो. पुढच्या महिन्यात ती गेली.

पहिली दोन वर्षे आम्हा दोघांचे, बापलेकांचे, म्हणणे खरे ठरते आहे असे दिसले. हे मी मुद्दाम लिहितो. पुढचे कळल्यावर मागचे पुसून टाकणे अन्यायाचे होईल. तिच्या आईला मधुमेहाचे औषध नियमित मिळू लागले. तिने घराला पत्रे घातले. शनिवारचा पाठ आम्ही फोनच्या पडद्यावर चालू ठेवला, आणि तिच्या मागे कधी कारखान्यातल्या दोन-तीन मुली डोकावून जात. भाऊ त्यांच्या शहराबाहेरच्याच तुरुंगात होता. दर पंधरवड्याला आई त्याला भात आणि सुकी मासळी पोचवून येई. पूर्वी पहारेकरी डबा उपडा करून पाहत. मुलगी कंपनीत आहे हे कळल्यापासून नुसते झाकण उघडून पाहत, असे ती म्हणाली. कारखान्याने त्या कुटुंबाला काय दिले असे कोणी विचारले, तर मला आधी ते झाकण आठवते.

मग कारखान्याची दुसरी इमारत उभी राहिली. मुलगा म्हणाला की वास्तुपूजन आपल्या पद्धतीने करू. तिथल्या लोकांना अशा गोष्टींचे अगत्य असते, भागीदाराकडचे अधिकारीही येणार आहेत. माझे गुडघे प्रवासाला तयार नव्हते. ठरले असे, की मुलगा तिथे यजमान म्हणून पाटावर बसेल, मी बोरीवलीहून मंत्र सांगीन, माझे चित्र तिथे मोठ्या पडद्यावर दिसेल आणि ती मुलगी ध्वनिक्षेपकाशेजारी उभी राहून प्रत्येक विधीचा अर्थ तिथल्या भाषेत सांगेल.

त्या पूजेची तयारी मी जितक्या आनंदाने केली तितकी आयुष्यात थोड्याच पूजांची केली असेल. आपल्याकडे आपण गोदावरीच्या दक्षिण तीरी म्हणतो. पण ती भूमी भरतवर्षाबाहेरची. तिथे काय म्हणावे? दोन दिवस मी जुने ग्रंथ काढून बसलो. तिला नदीचे नाव विचारले, कारखाना कोणत्या काठावर आहे ते विचारले. पूर्व काठावर, असे तिने कळवले. ते नाव मी संस्कृतात नीट बसवले आणि लहान मुलासारखा पत्नीला ऐकवत फिरलो.

आदल्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. पाठाचा दिवस नव्हता. तिने विचारले, "गुरुजी, उद्या माझ्या मोठ्यासाठी काही मागता येईल का?"

मी म्हणालो, का नाही? पण त्याचे पूर्ण नाव हवे, जन्मनक्षत्र हवे आणि तो सध्या आहे ते ठिकाण हवे. मग एका कागदावर तिने आमच्या देवनागरीत, मीच घोटवलेल्या अक्षरांत, ते सर्व लिहिले आणि कागद पडद्यासमोर धरला. मी वाचले. तिने विचारले, वाचलेत? मी हो म्हणालो. तिने त्या कागदाचे तुकडे केले, तुकड्यांचे तुकडे केले, आणि ते पेल्यातल्या पाण्यात भिजवले.

हे माझ्या डोळ्यांसमोर झाले. सहा वर्षे न उच्चारलेले नाव तिने त्या दिवशीही उच्चारले नाही, हे मी पाहिले आणि त्याचा अर्थ मला लागला नाही. मला वाटले, पवित्र अक्षरे पायदळी जाऊ नयेत म्हणून ती त्यांना पाण्यात सोडते आहे. आमच्याकडे तसेच करतात. माझ्या शिकवणुकीचाच हा परिणाम, असे वाटून मी मनात प्रसन्न झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा सुरू झाली. मला पडद्यावर मंडप दिसत होता: पुढच्या रांगेत गणवेशातले अधिकारी, मागे ओळीने बसलेल्या शिवणाऱ्या मुली, पाटावर रेशमी सोवळ्यातला माझा मुलगा, समईजवळ ती. मुलगा म्हणाला होता, बाबा, जरा खणखणीत म्हणा, मागच्या रांगेपर्यंत पोचू द्या. मी संकल्पाला आरंभ केला. ते द्वीप, ती भूमी, ती नदी, तिचा पूर्व तीर. कंपनीच्या भरभराटीचे मागणे झाले. आणि मग, शाळेत शिकवावे तसे एकेक अक्षर वेगळे करीत, मी तिच्या भावाचे नाव उच्चारले, त्याचे नक्षत्र उच्चारले, तुरुंगाच्या त्या गावाचे नाव उच्चारले आणि त्याच्या बंधनमोचनाची प्रार्थना केली.

मला वाटत होते की देववाणीच्या आडोशाने मी हे देवाला सांगतो आहे. तिथे कोणाला काय समजणार? बंधन आणि मोचन हे दोन्ही शब्द त्या देशातली लहान मुले भिक्खूंच्या तोंडून रोज ऐकतात, हे मला तिनेच अनेक शनिवारी सांगितले होते. आणि नाव तर कोणत्याही भाषेत नावच असते.

ती बोलायची थांबली. दोन क्षण असतील. मग तिने काहीतरी भाषांतर केले. ते मी म्हटलेल्याचे नव्हते, वेगळे काही होते, हे मला तिच्या चेहऱ्यावरून आता कळते. मधल्या खुर्चीवरच्या अधिकाऱ्याने मान वळवून तिच्याकडे पाहिले. नंतर त्याने पडद्याकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिले, आणि हात जोडले. मीही जोडले.

त्या शनिवारी पाठाला ती आली नाही. आम्ही एका आख्यानाच्या सतराव्या श्लोकावर थांबलो होतो. मी कागदाची खूण घालून पुस्तक मिटले. पुढच्या शनिवारीही ती आली नाही. मुलाला विचारले, तर रजेवर आहे म्हणाला. तिसऱ्या शनिवारी मुलगा स्वतःच बोरीवलीला आला. बूट काढायच्या आधी दारातच त्याने सांगितले की तिला चौकशीसाठी नेले आहे, आणि तिच्या भावाला त्या शहरातून हलवून उत्तरेकडच्या डोंगरात, दोन दिवसांच्या प्रवासावरच्या तुरुंगात नेले आहे. आई तिथे जाऊ शकत नाही.

माझ्यामुळे? असे मी विचारले. तो म्हणाला, तसे कोणी म्हणत नाही, बाबा. तिथे कोणी काहीच म्हणत नाही.

मी त्याला म्हणालो की कंपनीने विचारावे. ज्यांना तुमचा रस्ता हवा, तुमचे कंटेनर हवेत, त्यांना एक प्रश्न तर विचाराल? त्याने सांगितले की भागीदाराकडे विषय काढला होता. हा आमच्या घरातला मामला आहे, असे उत्तर आले, आणि पुढच्या आठवड्यात परवान्याच्या नूतनीकरणाची आठवण करून देणारे पत्र आले.

"बोललो तर परवाना जाईल," तो म्हणाला. "परवाना गेला की त्या सगळ्या मुली घरी. त्यांचं काय करू? तुम्हीच सांगा."

"आणि बोलायचंच नसेल, तर तुम्ही तिथे बसलाहात कशाला?"

माझा आवाज चढला होता. पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आमच्या दोघांच्याही प्रश्नात पडली नाही. तिने मुलाला विचारले, "तिच्या आईचं औषध कोण आणतंय रे?"

मुलाने मान खाली घातली आणि सांगितले की तिचे नाव त्याने अजून पगारपत्रकातून काढलेलेच नाही. रजेवर दाखवून पगार तिच्या आईपर्यंत पोचेल अशी सोय त्याने केली आहे. जितके दिवस चालेल तितके दिवस. कोणाला सांगू नका, म्हणाला. माझ्या मुलाच्या हातून जेवढे झाले तेवढे हे. ते थोडे होते हे त्यालाही ठाऊक होते; पण मी केले त्याच्यापुढे ते थोडे म्हणायला माझी जीभ वळत नाही.

पाहुणा बसला असताना घरधन्याने हात उगारला होता, आणि पाहुण्याने ताटातून मान वर केली नव्हती. माझ्या त्या नीट बांधलेल्या म्हणण्यात एवढे मी धरलेच नव्हते. घरधन्याला बरे दिसायची गरज असते, तशी पाहुण्यालाही जेवण संपवायची असते.

काही महिन्यांनी पश्चिमेकडच्या दुकानांनी कळवले की त्या देशात शिवलेले कपडे आम्हाला नकोत. आमचे ग्राहक प्रश्न विचारतात. मला ते ऐकून समाधान वाटले. कोणीतरी बोलले, असे वाटले. मी ते उत्साहाने खालच्या शेजाऱ्यांना सांगितले. मला वाटले, आता ते म्हणतील, बघा, मी म्हटलं नव्हतं? ते दारातल्या खुर्चीवर बसले.

"गुरुजी," ते म्हणाले, "आमची गिरण बंद पडली तेव्हा शेटजीक शिव्या देणारे आमच्या बाजूचे लय होते. गिरण बंद झाली आणि ते पण आपल्या घराक गेले. आमी थंयच रवलो." मग, जणू स्वतःशीच, "बंद करू नको म्हणा बाबूक. नायतर त्या पोरींका कोण बघतला?"

ज्या माणसाने माझ्या मुलाला शेटजी म्हणून टोचले होते त्यानेच हे म्हटले. त्यांच्या पत्नीने आतून चहा आणला. मी तो घेतला आणि वर आलो. जिन्यात दोनदा थांबलो.

मुलाने मला विचारलेही. कंपनी त्याच्या अहवालावर बरेच ठरवणार होती. राहावे की निघावे? लोक माझ्याकडे मुहूर्त विचारायला येतात, मुलीचे स्थळ स्वीकारावे का विचारायला येतात. मी कधी कोणाला तसेच परत पाठवले नव्हते. माझ्या मुलाला मी पाठवले. मला ठाऊक नाही, असे म्हणालो. राहिलो तर सैन्याचा हात बळकट होतो, निघालो तर मुलींचा हात रिकामा होतो, आणि दोन्हीपैकी कशानेही त्या डोंगरातल्या तुरुंगाचे दार हलत नाही. एवढे मला दिसत होते. याच्या पलीकडचे दिसत नव्हते, आणि आजही दिसत नाही.

कंपनीने मधला मार्ग काढला. जुनी इमारत थोड्या मागण्यांवर चालू ठेवली. नवी, जिचे वास्तुपूजन मी केले होते, ती भागीदाराला देऊन टाकली, यंत्रांसकट. त्याने तिथे सैन्यासाठी गणवेश शिवायला घेतले. मुली त्याच, यंत्रेही तीच. मी ज्या भूमीसाठी ग्रंथ धुंडाळून शब्द आणले, ज्या वास्तूत कोणाला पीडा न होवो असे म्हणून अक्षता टाकायला लावल्या, तिथे आता ते काम चालते. पूजेचे पुण्य किंवा दोष कोणाच्या पदरी जातो याची चर्चा मी आयुष्यभर केली आहे. ती चर्चा मी आता कोणाशी करीत नाही.

ती अकरा महिन्यांनी सुटली.

एका शनिवारी दुपारी, पाठाच्या बरोबर वेळी, अनोळखी क्रमांकावरून फोन आला. चित्र नव्हते, नुसता आवाज. "गुरुजी, नमस्कार." तो आवाज मी ओळखला, पण त्यात काहीतरी कमी झाले होते. पूर्वी ती वाक्याच्या शेवटी किंचित हसत असे. पत्नी जवळ येऊन बसली. तिने विचारले, "अगं, जेवतेस ना?" ती हो म्हणाली. आई बरी आहे म्हणाली. कारखान्यात परत घेत नाहीत. आता घरी बसून काज-बटणांचे काम करते, ठेकेदार गठ्ठे आणून देतो. कोणत्या कपड्यांचे, हे मी विचारले नाही. तिने सांगितले नाही. भावाचा उल्लेख झाला नाही.

माझ्याजवळ अकरा महिने जमवून ठेवलेले एक वाक्य होते. मी म्हणालो, "मुली, त्या पूजेच्या दिवशी मी—"

"गुरुजी," ती म्हणाली. सहा वर्षांत तिने मला कधी मध्येच तोडले नव्हते. "सतरावा श्लोक."

तिच्या खोलीत आणखी कोणी होते की नव्हते, फोन कोणाचा होता, कोण ऐकत होते, मला ठाऊक नाही. मला एवढे समजले की क्षमा मागायची तर झालेली गोष्ट उच्चारावी लागते, आणि ती पुन्हा उच्चारण्याचा अधिकार मला नाही. मी खूण काढली. पुस्तक उघडले. तिने श्लोक वाचला, पदे सुटी केली, एका ठिकाणी अडखळली. मी सांगितले. तिने पुन्हा म्हटले. आमच्याकडे खिडकी उघडी होती. पत्नी उठली आणि तिने ती लावून घेतली.

तेव्हापासून ती शनिवारी फोन करते. कधी करते, कधी तीन-तीन आठवडे करीत नाही. आता आम्ही चाळिसाव्या श्लोकाच्या पुढे आहोत. ज्या शनिवारी फोन येत नाही त्या दिवशी खालचे शेजारी मला काही विचारत नाहीत. सुकटीचा डबा मात्र त्यांच्या दारातल्या फळीवर अजून दिसतो. त्यांची नात तो आत ठेवते, ते पुन्हा बाहेर आणून ठेवतात.

रोज सकाळी स्नानानंतर मी देवासमोर बसतो. पळीभर पाणी तळहातावर घेतो. गोदावरीचा दक्षिण तीर म्हणतो, संवत्सर म्हणतो, तिथी म्हणतो, माझे गोत्र म्हणतो. मग जिथे नाव येते तिथे मी ओठ मिटतो. ते नाव, ते नक्षत्र आणि डोंगरातल्या त्या नव्या गावाचे नाव मी मनात धरतो. बोटांच्या फटीतून पाणी गळू लागते. तळहातावर थोडे तरी उरलेले असताना ते ताम्हनात सोडावे लागते, म्हणून मी फार वेळ थांबू शकत नाही.

सत्यनारायणाच्या त्या यजमानीण बाईंना मी यातले काहीच सांगितले नाही. त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला आणि पुढच्या वेळी दुसऱ्या गुरुजींना बोलवा, त्यांचे नाव मी सांगीन, असे म्हणालो.